भिंतीच्या कडेकडेनं

प्रिय खारूताई,

परवा फोनवर मी तुला ‘थांब, दूध उतू जातंय’ म्हणाले आणि फोन ठेवून दिला. गॅसवर दूध नव्हतं. गॅससुद्धा पेटलेला नव्हता. तू ओळखलंच असशील, कारण या महिन्यात माझं दूध जरा जास्तच वेळा उतू गेलंय, आणि एकट्या बाईला एवढं दूध लागतं कशाला हा प्रश्न तुझ्यासारख्या चौकस बाईला पडल्यावाचून राहिला नसेल. रागावली असशील तर तुझं काही चुकलं नाही. तू विचारलंस ते सरळ होतं. तुझ्या लेकीने कॉलेज सोडलंय, खोलीबाहेर येत नाही, आली तर फाटकापर्यंत जाते आणि घामाघूम होऊन परत फिरते. तू म्हणालीस, “ताई, जन्मभर याचाच अभ्यास केलास ना? मग मला हो किंवा नाही एवढंच सांग. ही आईसारखी होणार का?” आणि जन्मभर अभ्यास केलेली तुझी ताई दूध बघायला पळाली.

फोनवर मला हे जमणार नाही. तू मध्येच बोलतेस, मी मध्येच गप्प होते, आणि शेवटी आपण हवापाण्यावर येतो. म्हणून लिहायला बसले आहे. अक्षर वेडंवाकडं आहे, चालवून घे. इतकी वर्षं कीबोर्ड बडवून पेन धरायची सवयच गेली.

तुला आपली आई फारशी ठाऊक नाही. तुला माहीत आहेत त्या मावशीने, म्हणजे तुला वाढवणाऱ्या माईने सांगितलेल्या गोष्टी, आणि माई फार भली बाई होती. भल्या माणसांच्या गोष्टींत काटे नसतात. आई घाबरट होती, तिला बाहेर जायला आवडायचं नाही, एवढंच तुला सांगितलं गेलं. मी तिच्याजवळ वाढले, म्हणून मला तिची चाल ठाऊक आहे. आपल्या घरात पुढच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत एक लांब अरुंद बोळ होता. आई त्यातून जाताना डावा तळवा भिंतीला लावून जायची. परत येताना उजवा. त्या दोन्ही भिंतींवर तिच्या हाताच्या उंचीला एक काळपट तेलकट पट्टा पडला होता. बाबा दर वर्षी हौसेने रंग द्यायचे आणि तो पट्टा हळूहळू परत वर यायचा. मोठ्या खोलीतसुद्धा ती मधून जायची नाही. खुर्ची, कपाट, खिडकी, पुन्हा कपाट, असं करत कडेकडेनं फिरायची. मला लहानपणी वाटायचं, खोलीच्या मध्ये मला न दिसणारी एखादी विहीर असावी.

बाबा याच्या अगदी उलट. दिवसभर बस चालवायचे, घरी आले की अर्ध्या गल्लीला कळायचं. आई माझ्या जन्माआधी त्यांच्या कोपराला धरून बाजारात जायची म्हणे. पुढे तेही थांबलं. तू झालीस आणि ती उंबऱ्याबाहेर जायची बंदच झाली. तुला टोचून आणायला न्यायचं होतं, तेव्हा तुला दुपट्यात गुंडाळून ती दारापर्यंत आली आणि तशीच खाली बसली. तुला नेलं ते मी. शेजारची काकू बरोबर होती, पण तुला मी उचललं होतं, आणि सगळे म्हणाले, पोरगी बापावर गेली, बापाचं काळीज आहे. तेव्हापासून घरातली बाहेरची कामं माझी झाली. वीजबिल, वाणी, डॉक्टरांना बोलावणं, शाळेतल्या बाईंना स्वतःच पालक म्हणून भेटणं. मला त्याचा इतका अभिमान होता की काय सांगू.

तुला मावशीकडे का दिलं, हे तू मला एकदा विचारलं होतंस. मी ‘आईला झेपत नव्हतं’ म्हणाले. ते खोटं नाही, पण ते अर्धं आहे. मावशी आली त्या दुपारी मी बोळात बसून अभ्यास करत होते. आत दोघी बहिणी बोलत होत्या. आईचा आवाज मी त्याआधी आणि त्यानंतरही इतका ठाम ऐकला नाही. ती म्हणाली, “हिला तू घेऊन जा. मोठीचं जे व्हायचं ते होईल. ही अजून कोरी आहे.” मावशी रडत होती, आई रडत नव्हती. मग मावशीने तुझं दुपटं सोडलं आणि तुला स्वतःच्या जुन्या मऊ शालीत गुंडाळलं. दुपटं आमच्याकडेच राहिलं. आई ते उशाखाली ठेवायची. खारू, तिने तुला टाकलं नाही गं. तिला वाटलं, आपल्याजवळ राहिली तर ही भिंत धरेल. तिने तुला स्वतःपासून वाचवलं. आणि मी बोळात बसून ऐकलं की आपलं जे व्हायचं ते होणार आहे.

माणसं मला विचारतात, या विषयाकडे कशा वळलात. मुलाखतींत मी एका सरांच्या व्याख्यानाचं नाव पुढे करते. सर खरेच होते, व्याख्यानही चांगलं झालं होतं. पण मी वळले ती त्या दुपारी. स्वभाव रक्तातून किती येतो आणि माणसांकडून किती, हे मला मोजायचं होतं. खाण तशी माती, असं लोक सहज म्हणून जातात. मला खाण पाहायची होती.

माझ्या कामाची तू नेहमी थट्टा केलीस, ‘ताईचे उंदीर काय म्हणतात?’ म्हणून. उंदीर काय म्हणायचे ते आज सांगते. आमच्या प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदरांचे दोन वंश होते, एक भित्र्यांचा, एक धिटांचा. पिढ्यानपिढ्या भित्र्यांची भित्र्यांशी आणि धिटांची धिटांशी जोडी लावून ते तयार केलेले. उंदराला एका मोठ्या चौकोनी पेटीत सोडायचं, वरून लख्ख दिवा. धीट उंदीर थोडा बिचकतो आणि मग मधोमध जाऊन हुंगायला लागतो. भित्रा भिंतीला अंग घासत कडेकडेनं फिरतो. कोपरा आला की थांबतो, मिशा भिंतीला लावतो, पुढे जातो. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली. बाकीच्यांना वाटलं, मी उंदराला भ्याले.

मग मी जो प्रयोग केला त्यावर माझं सगळं आयुष्य उभं राहिलं, नोकरी, बढती, विभागप्रमुखपद, परदेशातली निमंत्रणं. भित्र्या आईची पिल्लं जन्मल्या दिवशीच उचलून धीट आईकडे द्यायची आणि धीट आईची भित्रीकडे. यात एक खुबी असते. परक्या पिल्लाला उंदरी जवळ घेत नाही, कधी कधी मारूनही टाकते. म्हणून आधी नव्या आईच्या पिंजऱ्यातला भुसा हातावर चोळायचा, मग त्याच हातांनी पिल्लू हळूहळू चोळायचं, म्हणजे त्याला तिचा वास लागतो आणि ती त्याला आपलं मानते. हे काम मी कधी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. सहकारी म्हणायचे, मॅडम फार काटेकोर आहेत. मी काटेकोर वगैरे काही नव्हते. बोटभर गुलाबी जीव हातात घेतला की मला ती शाल आठवायची.

निकाल तुला ठाऊक आहे, तुझ्या घरच्या कपाटात तो पेपर आहे आणि त्यावर तू लोणच्याची बरणी ठेवतेस. भित्र्यांची पिल्लं धीट आईकडे वाढली तरी बहुतेक भिंतीकडेनंच गेली. पण थोडी कमी. सरासरी काढली तर जरा मध्याकडे सरकलेली. हे ‘जरा’ म्हणजे तू, असं मी धरलं.

आणि मी समाधानात होते. तू माईकडे वाढलीस आणि काय झालीस बघ. मोटरसायकल चालवलीस, पुराच्या पाण्यात पोहलीस, मोठ्या साहेबांशी त्यांच्या कचेरीत जाऊन भांडलीस आणि वर त्यांच्याच शिपायाकडून चहा मागवून प्यायलीस. मी आईकडे वाढूनही घाबरट झाले नाही, जगभर विमानाने फिरले, हजार माणसांसमोर बोलले. मला वाटलं, आई, तुझी दोन्ही पिल्लं मधोमध आली. रोग आपल्या घरातून गेला.

मग तुझ्या नव्या घरी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतंस. तुझी लेक तेव्हा शाळकरी होती. तिला तू ताटं आणायला सांगितलंस. दिवाणखाना मोकळा होता, सरळ चालत गेली असती तर झालं असतं. ती कपाट, खिडकी, कोच, दार अशी फिरून गेली. कुणाला काही दिसलं नाही. मी हातातला घास ताटात परत ठेवला. तू विचारलंस, मीठ जास्त झालंय का, आणि मी हो म्हणाले. तू भाजीत पाणी घातलंस, ती पार बिघडली.

आता आईचं शेवटचं सांगते. तुला सांगितलं गेलं की हृदयविकाराने गेली. बाबांनी तसं ठरवलं, मावशीनेही मान डोलावली, आणि त्या दोघांच्या पश्चात ते तसंच राहिलं. आईच्या पोटात दुखत होतं. आधी थोडं, मग असह्य. डॉक्टर घरी येऊन म्हणाले, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या, आत काहीतरी फुटेल. दारात गाडी आणली. बाबा तिला उचलून उंबऱ्यापर्यंत आले आणि तिने दाराची चौकट धरली. खारू, ती किरकोळ बाई होती, पण बाबांना तिची बोटं सोडवेनात. बाबा आधी ओरडले, मग विनवू लागले, मग शेजारचे आले. मी तिचं एकेक बोट सोडवत होते आणि मी पुढचं सोडवलं की ती मागचं परत धरायची. तोंडाने ‘नको, नको’ एवढंच. गाडी गेली तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणली असती तर. ही साधी शस्त्रक्रिया असते. माणसं त्यातून उठून आठवड्यात घरी येतात.

म्हणून तू ‘आईसारखी होणार का’ विचारलंस तेव्हा तुला नुसती लाजरीबुजरी बाई दिसत होती, आणि मला ती चौकट दिसत होती. मी उत्तर देऊ शकले नाही ते यामुळे.

व्याख्यान संपलं की एखादी आई किंवा बाप मागे रेंगाळतो. सगळे गेले की जवळ येऊन हळूच विचारतो, माझ्या मुलाचे आजोबा असे होते, तर मुलगा तसा होईल का? माझं उत्तर ठरलेलं आहे. आमचा आकडा गर्दीचा असतो, एका माणसाचा नसतो. शंभर जणांबद्दल मी काही सांगू शकते, तुमच्या मुलाबद्दल नाही. हे अगदी खरं आहे, यात एक अक्षर चूक नाही, आणि ते ऐकून आजवर एकही माणूस सुखाने घरी गेलेला नाही. तुला तेच सांगायचं माझ्या जिवावर आलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

अजून एक गोष्ट आहे. ती मी कुणालाच सांगितलेली नाही. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी आमच्याकडे उंदरांच्या हालचाली टिपणारी नवी यंत्रणा आली. कॅमेरा वरून बघतो आणि प्रत्येक जिवाच्या वाटेची रेघ आपोआप काढतो. आमचा संगणकवाला भारी उत्साही. पेट्या तयार व्हायच्या होत्या, तोवर त्याने कॅमेरा वरच्या मजल्याच्या खिडकीत लावून खालच्या अंगणावर रोखला. विद्यापीठाचं ते मोठं फरसबंद अंगण. सकाळी सगळे फाटकातून येतात आणि तिरपे कापत आपापल्या इमारतीत जातात. चहाच्या वेळी त्याने आम्हाला रेघा दाखवल्या. सगळ्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या, मध्ये नुसता गुंता. आणि एक रेघ फाटकापासून निघून भिंतीला लागून, कोपरा घेऊन, पुन्हा भिंतीला लागून, अख्ख्या अंगणाला वळसा घालून आमच्या दारात आलेली. रोजच्या रोज तीच. संगणकवाला म्हणाला, “मॅडम, हा आपल्या भित्र्या वंशातला कोणीतरी सुटून आलाय!” सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसले. तो म्हणाला, थांबा, चित्रफीत लावतो.

वरून घेतलेलं चित्र. चेहरा दिसत नव्हता, डोकं आणि खांदे फक्त. ती बाई कोपऱ्याशी आली, जराशी थांबली, हात किंचित उचलून तिने भिंतीला लावला आणि पुढे गेली. मला वाटलं, आई. खारू, मला खरंच वाटलं की आई माझ्या विद्यापीठात आली आहे. कुणाला सांगू की ही बाई कधीच मेली आहे? मग तिच्या खांद्यावरची पिशवी दिसली. तू दिलेली, निळी, एक बंद तुटलेली. ती पिशवी माझ्या पायाशी खुर्चीला टेकून ठेवलेली होती. मी पाय पुढे करून ती टेबलाखाली सारली.

जन्मभर मी भिंतीकडेनं चालणारे जीव मोजले आणि रोज सकाळी त्या कामाला भिंतीकडेनं चालत गेले. मला वाटायचं, सावलीतून जातेय. पावसाळ्यात वाटायचं, आडोशाने जातेय. शिकल्यासवरलेल्या माणसाला कारणं फार सुचतात. विमानात मला नेहमी खिडकीची जागा लागायची. सभागृहात मी बोलताना फळ्याला पाठ लावून उभी राहायचे. हे सगळं त्या एका चहाच्या पेल्यात माझ्या लक्षात आलं.

निवृत्त झाले आणि बाहेर पडायची सक्ती संपली. सामान घरी येतं. व्याख्यानं पडद्यावरून होतात. तू बोलावलंस की मला गुडघा असतो, तिकीट नसतं, कुणाचा तरी प्रबंध तपासायचा असतो, आणि तू म्हणतेस, ‘मोठी माणसं बाई!’ घरात कुणीतरी फिरतं असं मला मध्यंतरी वाटायचं. दुपारच्या शांततेत माझ्या इथल्या बोळातून कोरडा, घासत जाणारा आवाज यायचा, खसखस, खसखस. मी थांबले की तोही थांबायचा. मी आईला नाव घेऊन हाकसुद्धा मारली, हसू नकोस. मग एकदा माझंच लक्ष माझ्या तळव्याकडे गेलं. आवाज त्याचा होता. पण खरं सांगू? ते कळल्यावर ती घरातून गेली असं काही वाटलं नाही. उलट आता ती कुठे राहते ते मला नेमकं ठाऊक आहे.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. लेक आईसारखी होणार का, मला माहीत नाही. माझ्या शास्त्रालाही माहीत नाही. चांगल्या डॉक्टरांकडे ने, आईच्या वेळी नव्हते असे उपचार आज आहेत आणि ते लागू पडतात, हे मी तुला बहीण म्हणून नव्हे, शिकलेली बाई म्हणून सांगते. तिला ओढू नकोस. धीट हो म्हणू नकोस, ती तुझ्याइतकीच धीट आहे, तिला फक्त रोज जास्त काम पडतं. आणि तुझ्या हातून काही चुकलं, हे मनातून काढून टाक. तुझ्याइतकी चांगली आई मी पिंजऱ्यात पाहिली नाही आणि बाहेरही नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. माझ्या पोटात गाठ आहे. डॉक्टरीणबाई घरी येऊन तपासून गेल्या, त्यांच्या मते ती आत्ता काढली तर पुढे काही धोका नाही. त्यांनी तारीख दिली, गाडी आली, मी कपडे करून जिन्यात बसून राहिले आणि गाडी निघून गेली. त्यांनी दुसरी तारीख दिली, तेव्हाही तेच. आता पुढच्या शुक्रवारची दिली आहे आणि त्या म्हणाल्या, कुणी घरचं नाही का? आहे म्हणाले. खारू, तू ये. पण एकटी येऊ नकोस, तू मला ओढशील, तुझा जीव तुटेल आणि तू ओढशीलच. लेकीला आण. तिला हे पत्र वाचायला दे, चौकटीचंसुद्धा गाळू नकोस. मावशीला बरं करायला चल, असं म्हणू नकोस. एवढंच सांग की मावशीला दवाखान्यापर्यंत जायचंय आणि तिला एकटीला जमत नाही. ती फाटकाशी अडेल, कदाचित परत फिरेल, आणि तसं झालं तर मी तिला मुळीच दोष देणार नाही. पण ती आली, तर मी तिचा हात धरीन. कितीही हळू, कितीही भिंतीकडेनं गेलो तरी चालेल, असं तिला सांग.

तुझीच,
ताई